अमेरिकेचं राजकारण नव्याने वाचतोयस तर
हे बघ, आधी रिपब्लिकन म्हणजे अमुक आणि डेमोक्रॅट म्हणजे तमुक हे डोक्यातून काढ. २०२० ला फ्लोरिडात ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलर करायचा प्रस्तावही ६० टक्क्यांहून जास्त मतांनी पास केला, म्हणजे ट्रम्पना मत देणाऱ्या बऱ्याच जणांनी तिकडेही हो म्हटलं असणारच ना. (केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ वरच अडकलंय, हे मला फार खटकतं.)

सर्व्हे दिसला की टक्केवारीआधी प्रश्न वाच. 'गरिबांना मदत' म्हटलं की बहुतेकांना वाटतं सरकार कमीच खर्च करतं, तिथेच 'वेल्फेअर' (म्हणजे गरिबांसाठीची सरकारी मदतच) शब्द टाकला की पाठिंबा धाडकन खाली. आणि हजार लोकांच्या सर्व्हेत ३ टक्के इकडेतिकडे धरायचेच, ४८ विरुद्ध ४६ ला आघाडी म्हणू नकोस.

बाकी व्याजदर राष्ट्राध्यक्ष नाही, फेड, म्हणजे तिकडची मध्यवर्ती बँक ठरवते, खर्चाची मंजुरी काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची. डेफिसिट ही एका वर्षाची तूट आणि डेट म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं कर्ज, सुरुवातीला यातच सगळ्यांची गल्लत होते.