दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्याला ताप आलाय

प्रश्न : ताई, मडगावच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की पायरीवर तीन-चार जण येऊन झोपतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याला परवापासून ताप आहे. आमच्या वाड्यावर डेंग्यूचे पेशंट निघालेत. बायको म्हणते, घरात लहान मूल आहे, काय द्यायचं ते लांबूनच द्या. शेजारचा दुकानदार म्हणतो, पोलिसांना कळवा, उचलून नेतील. मला दोन्ही पटत नाही, पण करावं काय?
– एक दुकानदार, मडगाव

उत्तर : आधी वहिनींना सांगा, डेंग्यू श्वासातून, उष्ट्यातून किंवा हात लावल्याने येत नाही. तो डास आणतो, आणि हा पट्ट्यांचा डास दिवसाढवळ्या चावतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत तो म्हाताऱ्याला चावला, तर साधारण आठ-दहा दिवसांनी तोच डास तुमच्या मुलाला डेंग्यू देऊ शकतो. तेव्हा एक एकेरी मच्छरदाणी घ्या आणि तो दिवसा जिथे पडून असतो तिथे बांधून द्या. ती जितकी त्याच्या कामाची, तितकीच तुमच्या मुलाच्या. खोकत असेल तर मात्र दोघांनीही मास्क लावा.

ताप डेंग्यूचाच असेल असंही नाही. पावसात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजारही असतो. उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून अनवाणी चाललं की पायाच्या चिरांतून तो शिरतो. डोळे लाल आहेत का, पोटऱ्या दुखतात का, विचारा. तो कन्नड बोलणारा असेल तर बाजारात दुभाषी मिळायला वेळ लागणार नाही! अंगदुखीची म्हणून कुठलीही गोळी देऊ नका. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टर बघेपर्यंत पॅरासिटामोल, तीही मापात.

इस्पितळात त्याला एकटा धाडू नका, बरोबर जा. हे मी एका चुकीवरून सांगते. मी नर्स होते तेव्हा असाच एक तापाचा पेशंट आला. केसपेपर करताना पत्ता विचारला, तो म्हणाला, ‘पिंपळाकडे’. रकाना कोराच राहिला, मीही तो कोरा पाहिला आणि पुढचा पेपर घेतला. दुपारी रिपोर्ट आला, प्लेटलेट्स खूपच उतरलेल्या, आणि माणूस कुठे कोणाला ठाऊक? संध्याकाळी आमचा शिपाई एका गाड्यावर चहा प्यायला गेला, तिथे बाकड्यावर हा बसलेला. ताप उतरला म्हणून खुशीत होता! डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच तर धोका असतो. पुढचे एक-दोन दिवस पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, 108 ला फोन. त्या पेशंटला आम्ही परत आणलं, वाचला. तुम्ही केसपेपरवर आपल्या दुकानाचा पत्ता आणि नंबर घाला.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पाच-सहा बायकांनी मोठ्या उत्साहाने तांदूळ-डाळीच्या पिशव्या वाटल्या. एका बाईने पिशवी हातात घेतली, बघितली आणि विचारलं, ‘शिजवू कुठे?’ आमच्यातल्या एकीलाही ते सुचलं नव्हतं. साबण दिले, तर सार्वजनिक नळ बंद. दुसऱ्या दिवसापासून आम्ही डब्यात पेज नेऊ लागलो. तुमच्या घरी सकाळी पेज होतच असेल, त्यातलीच मीठ घालून एक वाटी द्या. आणि एक लिटरची बाटली भरून द्या, ओआरएसचं एक पाकीट तेवढ्याच पाण्यात घालायचं असतं. संडासाला तो कुठे जातो तेही बघा. सुलभला पैसे पडतात म्हणून माणसं पाणीच कमी पितात, आणि डेंग्यूत ते महागात पडतं.

पोलिसांचं म्हणाल तर, पायरीवरून उठवलेला माणूस दुसऱ्या पायरीवर जातो, ताप त्याच्याबरोबर. मग तो शोधायचा कोणी? अळ्या बघायला आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरतात, पण ज्याला दारच नाही त्याच्याकडे ती पोचणार कशी? तेव्हा वाड्यावर फेरी येईल तेव्हा तुम्हीच त्यांना पायरीवरच्या माणसांचं सांगा.

जाता जाता, त्यांच्या बादलीत पावसाचं पाणी साठलेलं असेल तर ते आठवड्यातून एकदा ओतायला लावाच. पण दुकानावर तुम्ही निळी ताडपत्री बांधली असेल ना? तिच्या खोळीत पाणी साचलंय का, ते आज शिडी लावून बघा.