सासरे ओरडले ते बरोबरच

प्रश्न : दिवाळीला नागपूरला सासरी गेलो होतो, सासरे आम्हाला काटोल रोडने जुनापाणीला घेऊन गेले. मला वाटलं मोठी समाधी वगैरे असेल, तर झाडीत नुसते काळ्या दगडांचे गोल आणि मधे जरासा उंचवटा! मुलगा त्यावर चढून उड्या मारायला लागला तर सासरे ओरडले, अरे कुणाच्या तरी मढ्यावर नाचतोयस. खरंच तिथे माणसं पुरलीत का? आणि त्याने खापराचा एक तुकडा खिशात घालून आणलाय, ठेवला तर चालेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सासऱ्यांना फुल मार्क. ती शिलावर्तुळं म्हणजे लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. मोठाले दगड गोलात मांडायचे, आत मृताच्या वस्तू ठेवायच्या आणि वरून दगडगोटे, माती भरायची, तोच तुमचा उंचवटा. पण सरळ झोपवलेला अख्खा सांगाडा तिथे असेलच असं नाही, विदर्भातल्या अशा दफनांत बरेचदा हाडांचे थोडेसे तुकडेच मिळतात. जुनापाणीत अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, नंतर १९६१-६२ ला पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी त्यातली तीन खणली. लोखंडाची हत्यारं, काळी-तांबडी भांडी असं बरंच काही निघालं. मला स्वतःला जास्त भारी वाटतो तो जवळच्याच महुरझरीचा घोडा, माणसाबरोबर तोही पुरलेला आणि त्याच्या डोक्यावर तांब्याचे दागिने! आणि गंमत बघा, ही मंडळी राहायची कुडामातीच्या घरात, ती घरं कधीच मातीला मिळाली, दगड फक्त मेल्यावर.

खापराचं म्हणाल तर नाही चालणार हो. जागा १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित आहे, आणि तो तुकडा कुठल्या वर्तुळापाशी पडला होता हे हरवलं की तो नुसता खापराचा तुकडा. मुलाला आठवतंय तोवर लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या नागपूर ऑफिसात देऊन टाका. पोराला रागावू नका, उचलावंसं वाटतंच.

आणि परत जाल तेव्हा थंडीत सकाळी लवकर जा. काही दगडांवर ओळीत कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे आहेत, तिरप्या उन्हात ते नीट दिसतात, भर दुपारी समोर उभं राहूनही नजरेतून सुटतात, बहुतेक तुमचंही तेच झालं असणार.