घटस्फोटानंतर बहीण पाच वर्षांच्या मुलासह नाशिकला आमच्याकडे राहते. माझं लग्न ठरलंय. तिची कायमची सोय कुठे करावी?

‘सोय’ पाहुण्यांची करतात. ती त्या घरची मुलगी आहे. तिला काय हवंय, ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. आधी तिला विचारा.

मुलाला घेऊन माहेरी आलेल्या बाईचं बिऱ्हाड एका जागी टिकत नाही. पहिली एक-दोन वर्षं माहेर: कोर्टाच्या तारखा, नोकरीची शोधाशोध, मूल आजीकडे. भावाचं लग्न झालं की मायलेकरू हॉलमध्ये झोपतात, मग भाड्याची खोली. पुढे मुलाला दहावीच्या अभ्यासाला जागा लागते, आणि बऱ्याचदा थकलेली आजी लेकीकडेच राहायला येते. त्यामुळे ‘कायमची’ नको, तीन वर्षांची जागा बघा. सखी निवास या नोकरदार बायकांच्या सरकारी योजनेतल्या वसतिगृहात मुलगा बारा वर्षांपर्यंतच सोबत राहू शकतो, तेही ध्यानात ठेवा.

जागा माहेरापासून चालत दहा मिनिटांवर, पण दार वेगळं. अंबड-सातपूरच्या कारखान्यात दुसरी पाळी करून आलेल्या बाईला झोपलेलं मूल आजीकडून उचलून न्यायचं असतं.

आता करार. मी नाशिकच्या सिडको भागात भाडेकरार करून देते, आणि दर महिन्याला एक तरी घरमालक म्हणतो, ‘बाईंच्या नावावर नको, भावाच्या नावावर करा.’ भाऊही मोठ्या मनाने सही करतो. इथेच सगळं बिघडतं. करार भावाचा, आधार सासरच्या पत्त्यावर. मग तिच्याकडे तिच्या नावाचा रहिवासी पुरावाच उरत नाही. तिचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांत पहिलीला अर्ज करता येतो. त्याला न्यायालयाचा निकाल, तिच्या उत्पन्नाचा दाखला आणि तिचा रहिवासी पुरावा लागतो. भाडेकरार पुरावा म्हणून जोडायचा तर तो नोंदणीकृत, अकरा महिने किंवा जास्त मुदतीचा आणि अर्जाआधीच्या तारखेचा हवा. नोटरी केलेला चालत नाही. तेव्हा करार तिच्याच नावे, ३६ महिन्यांचा करा. भाडं ९,००० आणि अनामत ३०,००० धरली तर मुद्रांक शुल्क साधारण ८३० रुपये, नोंदणी १,०००. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, हे त्याला ठणकावून सांगा. त्याच करारावर आधारचा पत्ता बदला. रेशनकार्डासाठी आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, त्याशिवाय दुसरीकडे नाव चढत नाही.

आणि लग्नाच्या गडबडीत कोणी तिच्यापुढे हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला वाटा सोडल्याचा कागद, ठेवलं तर तुम्ही थांबवा. ‘माहेर तुटेल’ या भीतीने बायका सही करतात आणि दहा वर्षांनी माझ्यासमोर अनामतीचे पैसे मोजत बसतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल तर मात्र ते हयात असेपर्यंत त्यांची मर्जी. मृत्युपत्र न करता गेले तर तिचा वाटा तुमच्याएवढाच.