शातोनफ-द्यु-पाप या फ्रेंच गावाच्या नावात पोप कसे आले, आणि तिथल्या वाईनला एवढा मान का आहे?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: दक्षिण फ्रान्समधील या लहानशा गावाचा पोपशी नेमका संबंध काय, तिथली वाईन इतकी नावाजली कशी, आणि आविन्याँला जाणाऱ्या माणसाने वाट वाकडी करून तिथे जावे का. उडत्या तबकड्यांवर बंदी घालणारे गाव ते हेच का, असेही आपण शेवटी विचारले आहे. माझे बालपण निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरात गेले. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये, द्राक्षतोडणी चालू असताना, मी या गावी दोन दिवस राहिलो होतो, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी हाती लागेल ते वाचत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

'शातोनफ' म्हणजे नवा किल्ला. पोपने किल्ला बांधला म्हणून हे नाव पडले असे पुष्कळांना वाटते, पण ते नाव पोप येण्याच्या आधीपासूनचे आहे. मध्ययुगात गावाला शातोनफ-काल्सेर्निए म्हणत, कारण आसपास चुनखडीच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या होत्या. द्राक्षबागाही तेव्हापासून होत्या आणि त्यांतल्या काही आविन्याँच्या बिशपांच्या मालकीच्या होत्या. पुढे १३०९ मध्ये पोपची गादी रोमऐवजी आविन्याँला आली आणि १३७७ पर्यंत तिथेच राहिली. या काळातील दुसरे पोप, बाविसावे जॉन, यांनी १३१७ मध्ये शातोनफच्या टेकडीवर किल्ल्याचे काम सुरू केले. आविन्याँपासून वीस किलोमीटरच्या आत असलेले हे ठिकाण उन्हाळ्यात राहायला सोयीचे होते आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवायलाही. काम १३३३ मध्ये पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी पोप वारले, त्यामुळे ज्यांच्यासाठी हा किल्ला उभा राहिला त्यांना तो फारसा लाभला नाही. सोळाव्या शतकातील कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांत त्याची जाळपोळ झाली, नंतर त्याचे दगड गावकऱ्यांच्या घरांना लागले, आणि जो उंच बुरूज शिल्लक होता त्याचा अर्धा भाग ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंगाने उडवला. गावाचे आजचे नाव मात्र अधिकृतपणे १८९३ मध्येच रूढ झाले, म्हणजे पोप निघून गेल्यावर पाचशे वर्षांनी.

हा तपशील मी मुद्दाम देतो, कारण या गावाची कीर्ती सरसकट पोपच्या खात्यावर मांडली जाते आणि तिथल्या शेतकऱ्यांनी जे केले ते मागे पडते. माझ्या मते गावाचा खरा वारसा एकोणिसाव्या शतकातील एका मोठ्या संकटातून सुरू होतो. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळे शोषणारी सूक्ष्म कीड फ्रान्समध्ये शिरली, आणि तिचा उपद्रव प्रथम दिसला तो ऱ्होन नदीच्या याच खालच्या खोऱ्यात, १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. हिरवीगार बाग एका हंगामात पिवळी पडायची आणि दोन-तीन वर्षांत वाळून जायची, पण उपटलेल्या वेलीच्या मुळांवर काहीच सापडायचे नाही, कारण मेलेले मूळ सोडून कीड शेजारच्या जिवंत मुळाकडे गेलेली असायची. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजून जिवंत असलेल्या वेली उपटून पाहिल्या, तेव्हा कुठे ती दिसली. उपाय अखेर अमेरिकी वेलीतच सापडला: तिचे मूळ ही कीड सहन करते, म्हणून खुंट अमेरिकी आणि त्यावर कलम फ्रेंच जातीचे. आपल्याकडे नाशिक-सांगलीत ज्या डॉगरिज खुंटावर कलमे केली जातात तोही मूळचा अमेरिकी वेलीचाच. आपण तो क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतो, पण खुंट-कलमाची ही पद्धत जगभर पसरली ती त्या संकटामुळे. शातोनफमध्ये शातो ला नेर्त या मळ्याचे मालक जोझेफ द्युको यांनी कलमी वेलींची नवी लागवड केली आणि कोणती जात वाईनला काय देते याचा जातवार अभ्यास केला. या वाईनसाठी परंपरेने ज्या तेरा जाती मोजल्या जातात, त्या यादीमागे बरीचशी त्यांची मेहनत आहे.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण बाजार बिघडलेला होता. इथली दाट, जोमदार वाईन पूर्वीपासून पिंपे भरभरून बरगंडीकडे जात असे आणि तिथल्या पातळ वाईनला बळ यावे म्हणून तिच्यात मिसळली जात असे. आता गावाचे नावही कोणीही लावू लागले. १९२३ मध्ये गावातील काही बागायतदार प्येर ल र्‍वा यांच्याकडे गेले. हे शिक्षणाने वकील, पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक, आणि लग्नामुळे गावातील शातो फोर्तिया या मळ्याशी जोडले गेलेले. भेसळीविरुद्ध आमचे नेतृत्व करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर, आधी तुम्ही स्वतः शिस्तीने वागून दाखवा, मग दुसऱ्यांवर दावा लावू, अशी अट त्यांनी घातली असे सांगतात. गावाने ती मानली.

मग जे नियम ठरले ते आजही वाचण्यासारखे आहेत. कोणती जमीन चालेल? जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपे आपोआप येतात तेवढीच, कारण जिथे ती तगतात ती जमीन निकस आणि कोरडी असते, आणि निकस जमिनीतच द्राक्षाला गुण येतो. जाती ठरलेल्या, छाटणीची पद्धत ठरलेली, साखर न मिसळता वाईनमध्ये किमान १२.५ टक्के अल्कोहोल आलेच पाहिजे, आणि तोडणीच्या वेळी ठरावीक हिस्सा निवडून बाजूला काढलाच पाहिजे, पीक कितीही चांगले असो. आज तोडणी हातानेच करावी लागते आणि उत्पादनाची मर्यादा हेक्टरी ३,५०० लिटर आहे, म्हणजे एकरी सुमारे १,४०० लिटर. द्राक्षाच्या शेतकऱ्याला हा आकडा किती लहान आहे ते सांगायला नको. दहा वर्षे कोर्टकचेऱ्या करून १९३३ मध्ये गावाने आपली हद्द आणि नियम न्यायालयाकडून मान्य करून घेतले. १९३५ मध्ये फ्रान्सने संपूर्ण देशासाठी याच धर्तीची व्यवस्था उभी केली, तिच्या संस्थापकांत ल र्‍वा होते, आणि मे १९३६ मध्ये ज्या पहिल्या मोजक्या नावांना संरक्षण मिळाले त्यांत शातोनफ-द्यु-पाप होते. आज 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. मालाचे नाव गावाच्या मातीशी कायद्याने बांधण्याची ती कल्पना ज्या थोड्या ठिकाणी प्रत्यक्षात आली, त्यांपैकी हे एक.

प्रत्यक्ष बाग पाहून मी आधी गोंधळलो. मांडव नाही, तारा नाहीत. ग्रनाश जातीच्या वेली गुडघा-मांडीएवढ्या उंचीच्या झुडपांसारख्या सुट्या उभ्या असतात, आणि काही भागांत खाली माती दिसतच नाही. तिथे नुसते गोटे आहेत, मुठीएवढ्यापासून नारळाएवढे, गुळगुळीत, पिवळट-तांबूस. आल्प्सकडून ऱ्होनने प्राचीन काळी वाहून आणलेला हा क्वार्ट्झाइट नावाचा कठीण दगड आहे. सूर्य मावळून तासभर झाल्यावर मी एक गोटा उचलला, तर तो चुलीजवळ ठेवलेल्या वरवंट्यासारखा कोमट होता, आणि त्याच्या खालची माती बोटाला गार आणि किंचित ओलसर लागली. दिवसाची ऊब रात्री वेलीला द्यायची आणि खालची ओल झाकून ठेवायची, ही दोन्ही कामे तो करतो. मात्र सगळीकडे गोटेच आहेत असे समजू नये; वाळूच्या आणि चुनखडीच्या जमिनीही याच हद्दीत आहेत आणि तिथल्या वाईनचाही तेवढाच लौकिक आहे. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो, तो फांद्या मोडतो, पण पाने कोरडी ठेवून केवडा-भुरी या बुरशीच्या रोगांना आवरही घालतो. पावसात रात्रीतून केवडा चढलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या वाऱ्याचा हेवा वाटेल.

उडत्या तबकड्यांचे म्हणाल, तर ती गोष्ट खरी आहे. १९५४ च्या शरद ऋतूत फ्रान्सभर अशा तबकड्या दिसल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा महापौर ल्युसियाँ जन यांनी गावावरून त्यांच्या उडण्यावर आणि गावात उतरण्यावर बंदी घालणारा हुकूम काढला. गावाचे नाव वर्तमानपत्रांत यावे हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधला. पुढच्या महापौरांनीही तो हुकूम मागे घेतलेला नाही.

जावे का, तर अवश्य जावे. ऑगस्टच्या सुरुवातीला जाणे जमले तर तिथे 'व्हेरेझों'चा उत्सव असतो. व्हेरेझों म्हणजे द्राक्षे पिकू लागणे, आपण ज्याला मण्यांत पाणी उतरणे म्हणतो तेच, आणि त्या घटनेचा सण साजरा करणारे गाव मला फार आपले वाटले. दुकानात बाटली हातात घ्या आणि काचेवर उठावात कोरलेले पोपच्या चाव्यांचे चिन्ह अंगठ्याने चाचपून पाहा. ते चिन्ह बागायतदारांनी १९३७ मध्ये स्वीकारले. गावात मुक्काम केला तर संध्याकाळी बुरुजापर्यंत चढून जा. समोरून तो अखंड वाटतो, वळसा घातल्यावर मागे भिंतच नाही हे कळते. त्याच्या रिकाम्या खिडक्यांतून आकाश दिसते, खाली ऱ्होन, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर आविन्याँ.