अकरा कणांचे केंद्रक शिशाएवढे कसे?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. अणुकेंद्रकाची त्रिज्या वस्तुमानांकाच्या, म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येच्या, घनमुळाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. अलीकडे मात्र लिथियम-११ चे केंद्रक शिशाच्या केंद्रकाएवढे असते, असे वाचनात आले. मग सूत्र चुकीचे समजायचे का? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : सूत्र चुकीचे नाही, पण ते कोणत्या केंद्रकांवरून बसवले गेले हे पाठ्यपुस्तकात सहसा सांगितलेले नसते. निसर्गात स्थिर केंद्रके अडीचशेच्या आसपास आहेत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे नियम तयार झाले, ते प्रामुख्याने या केंद्रकांच्या आणि त्यांच्या जवळच्या शेजाऱ्यांच्या अभ्यासातून. आज प्रयोगशाळांत तीन हजारांहून अधिक केंद्रके ओळखली गेली आहेत आणि सैद्धांतिक हिशेबानुसार सुमारे सात हजार केंद्रके क्षणभर का होईना, पण एकसंध राहू शकतात. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे नेहमीचे प्रमाण सोडून जी केंद्रके दूर जातात, त्यांच्याबाबतीत जुने नियम कोठपर्यंत चालतात, हाच या संशोधनाचा मुख्य प्रश्न आहे.

आपल्या सूत्राने लिथियम-११ ची त्रिज्या सुमारे २.७ फेम्टोमीटर येते आणि शिसे-२०८ ची सुमारे ७.१ (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). लिथियम-११ चा शोध १९६६ मध्येच लागला होता, पण त्याचा आकार मोजला गेला तो १९८५ मध्ये, जेव्हा इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बर्कले येथील बेव्हॅलॅक या त्वरकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, लिथियमच्या समस्थानिकांच्या शलाका (झोत) बेरिलियम, कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या पातळ लक्ष्यांवर सोडल्या. किती केंद्रके लक्ष्यातून धडक न होता पार होतात हे मोजले, की उरलेल्यांवरून केंद्रकाचा धडकेपुरता आकार काढता येतो. लिथियम-९ साठी ही त्रिज्या २.४१ फेम्टोमीटर आली. लिथियम-११ साठी ती ३.१४ आली, म्हणजे केवळ दोन न्यूट्रॉन वाढल्याने अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक फुगवटा दिसला.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, हॅन्सेन आणि यॉन्सन यांनी त्याचा उलगडा मांडला. सर्वसाधारण केंद्रकातून एक न्यूट्रॉन बाहेर काढायला सुमारे ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. लिथियम-११ मधील शेवटचे दोन्ही न्यूट्रॉन मिळून बाहेर काढायला चार लाखांहूनही कमी, सुमारे ३ लाख ६९ हजार, पुरते. पुंजयामिकीनुसार कण जितका सैल बांधलेला, तितकी त्याच्या अस्तित्वाची शेपूट आकर्षणाच्या क्षेत्राबाहेर लांब जाते. एका न्यूट्रॉनसाठी ढोबळ हिशेब केला, तर ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या बंधनाला या शेपटीची लांबी दीड फेम्टोमीटरच्या आसपास येते आणि तीन लाखांच्या बंधनाला आठच्या आसपास. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने त्याला अडवणारी विद्युत भिंतही नसते. त्यामुळे लिथियम-९ चा घट्ट गाभा आणि त्याभोवती दोन न्यूट्रॉनांचे विरळ प्रभामंडल, असे चित्र तयार होते.

तेव्हा 'शिशाएवढे' हे विधान जपून वाचावे, ही माझी सूचना. लिथियम-११ च्या सर्व कणांची सरासरी धरली, तर ते शिशापेक्षा पुष्कळच लहान आहे. शिशाच्या त्रिज्येशी तुलना होते ती फक्त त्या बाहेरच्या दोन न्यूट्रॉनांच्या पसाऱ्याची. विद्यार्थ्यांना सांगायचे असेल, तर मला त्याहून चकित करणारी वाटते ती वेगळीच गोष्ट. लिथियम-१० बांधलेले राहत नाही आणि दोन न्यूट्रॉनही नुसते एकमेकांना धरून राहत नाहीत. गाभा आणि दोन न्यूट्रॉन ही तिवई आहे. तिचा कोणताही एक पाय काढला, की उरलेले दोन उभे राहत नाहीत.

प्रश्न : अशी केंद्रके सेकंदाच्या काही हजारांश भागात नष्ट होतात म्हणे. मग त्यांचे मापन करायला वेळ कोठून मिळतो? — एक वाचक, नाशिक

उत्तर : लिथियम-११ चे अर्धायुष्य पावणेनऊ मिलिसेकंद आहे. आपल्याला हा काळ नगण्य वाटतो, पण त्वरकातून निघालेल्या केंद्रकाच्या दृष्टीने तो प्रदीर्घ असतो. जपानमधील वाको येथील रिकेन संस्थेत २००७ पासून चालू असलेल्या त्वरक-संकुलात युरेनियमपर्यंतची जड केंद्रके प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने बेरिलियमसारख्या लक्ष्यावर आदळवली जातात. त्यातून निघणारे तुकडेही जवळपास त्याच वेगाने पुढे जातात. या वेगाने शंभर मीटर अंतर कापायला अर्धा मायक्रोसेकंदही लागत नाही. म्हणजे पावणेनऊ मिलिसेकंदांत असे अठरा हजार प्रवास बसतील.

या प्रवासातच ओळख पटवली जाते. चुंबकीय क्षेत्रातून जाताना तुकडा किती वळतो, यावरून त्याच्या संवेगाचे विद्युतभाराशी असलेले गुणोत्तर कळते. दोन संसूचकांमधले, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणांमधले, अंतर कापायला लागलेल्या वेळावरून वेग कळतो. आणि पातळ संसूचकात तो किती ऊर्जा गमावतो, यावरून प्रोटॉनांची संख्या कळते, कारण ही हानी विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तिन्ही मोजमापे एकत्र आली, की शलाकेतल्या प्रत्येक केंद्रकाला नाव देता येते. अब्जावधी केंद्रके आदळवून हव्या त्या प्रकारची मोजकीच मिळाली, तरी ती इतरांत हरवत नाहीत ती यामुळे.

दुसरी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. जिनिव्हाजवळील सर्न येथे १९६७ पासून चालू असलेल्या आयसोल्ड या प्रयोगस्थळी प्रोटॉन जाड, तापलेल्या लक्ष्यावर मारतात, आत तयार झालेली केंद्रके विसरणाने बाहेर येतात आणि मग त्यांना आयनित करून वस्तुमानानुसार वेगळे करतात. बाहेर यायला वेळ जातो, त्यामुळे फार अल्पायुषी केंद्रके वाटेतच संपतात. पण जी हाती येतात, त्यांची शलाका अत्यंत शुद्ध आणि संथ असते आणि लेसरने त्यांचा अभ्यास करायला तीच सोयीची पडते.

प्रश्न : २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या 'जादुई संख्या' आता जादुई राहिल्या नाहीत, हे खरे आहे का? — एक निवृत्त अभियंता, पणजी

उत्तर : स्थिर केंद्रकांजवळ त्या अजूनही तशाच आहेत. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या कवच प्रारूपातून त्यांचा अर्थ लागला आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. इतके प्रोटॉन किंवा इतके न्यूट्रॉन झाले, की एक कवच भरते आणि केंद्रक जास्त घट्ट, गोलाकार होते. पहिली शंका आली १९७५ मध्ये, सर्न येथे सोडियमच्या समस्थानिकांची वस्तुमाने मोजताना. न्यूट्रॉनांची संख्या २० च्या आसपास पोहोचलेली सोडियम-३१ आणि सोडियम-३२ ही केंद्रके अपेक्षेपेक्षा अधिक बांधलेली आढळली आणि त्याचे स्पष्टीकरण ती गोल नसून लांबट असावीत, असेच निघत होते. पुढे मॅग्नेशियम-३२ चेही तसेच दिसले. तेथे २० ही संख्या जादुई उरलेली नाही.

सर्वांत सुंदर उदाहरण ऑक्सिजनचे आहे. ऑक्सिजन-२८ मध्ये ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही संख्या जादुई. कागदावर ते विशेष स्थिर असायला हवे. रिकेन येथे कॅल्शियम-४८ पासून फ्लोरिन-२९ ची शलाका तयार करून, द्रवरूप हायड्रोजनमध्ये तिच्यातील एक प्रोटॉन उडवून ते बनवण्यात आले आणि निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिजन-२८ तत्क्षणी ऑक्सिजन-२४ आणि चार सुटे न्यूट्रॉन यांच्यात फुटते. एका केंद्रकासोबत चारही न्यूट्रॉन एकाच वेळी पकडणे हे प्रयोगाच्या दृष्टीने अतिशय कठीण काम होते, कारण न्यूट्रॉन संसूचकात ठसा न उमटवताच सहज निघून जातो.

ऑक्सिजन २४ वरच थांबतो, पण त्यात एकच प्रोटॉन मिळवून फ्लोरिन केले, की तो ३१ पर्यंत जातो. म्हणजे त्या एका प्रोटॉनच्या जोरावर आणखी सहा न्यूट्रॉन टिकतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातील आकर्षणाने न्यूट्रॉनांच्या पातळ्या सरकतात आणि तीन कणांमध्ये एकत्रितपणे काम करणारे बलही हिशेबात घ्यावे लागते, असे आता मानले जाते. हे बल स्थिर केंद्रकांतही असतेच. तेथे त्याचा परिणाम इतका ठळकपणे डोळ्यांत भरत नाही, एवढेच. न्यूट्रॉनांची शेवटची मर्यादा नेमकी कोठे आहे, हे २०१९ मध्ये निऑनपर्यंत, म्हणजे फक्त दहाव्या मूलद्रव्यापर्यंत निश्चित झाले आहे.

प्रश्न : या सगळ्याचा सोन्याशी काय संबंध? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लोहापेक्षा जड असलेल्या मूलद्रव्यांपैकी सुमारे निम्मी, आणि त्यात सोने व प्लॅटिनम ही जवळपास पूर्णच, अशा जागी तयार होतात जेथे केंद्रकांवर न्यूट्रॉनांचा इतका मारा होतो, की एकाचा क्षय होण्याआधी पुढचा न्यूट्रॉन येऊन चिकटतो. ही कल्पना १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांनी सविस्तर मांडली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, पाठोपाठ त्या टकरीचा प्रकाशही दिसला, आणि त्या प्रकाशात स्ट्रॉन्शियम ओळखल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सोन्याची वाट अशी : ७१ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असलेले ल्युटेशियमचे एक केंद्रक घ्या. त्यातील आठ न्यूट्रॉनांचे बीटा क्षयाने एकेक करून प्रोटॉन झाले, तर ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन उरतात, आणि तेच सोने. न्यूट्रॉनांची १२६ ही संख्या जादुई असल्यामुळे अशा केंद्रकांपाशी वाहतूक तुंबते आणि सोने-प्लॅटिनमच्या आसपास मूलद्रव्यांचे प्रमाण वाढते. पण या वाटेवरची बहुतेक केंद्रके अजून प्रयोगशाळेत बनवता आलेली नाहीत. १२६ ही संख्या त्या टोकाला कितपत जादुई राहते, यावर सोन्याचा हिशेब अवलंबून आहे. ऑक्सिजनने दिलेला धडा पाहता ते गृहीत धरून चालत नाही. मिशिगनमधील एफरिब हे २०२२ मध्ये सुरू झालेले केंद्र आणि जर्मनीत डार्मश्टाट येथे उभारले जात असलेले फेअर हे केंद्र यांच्याकडून या बाबतीत बऱ्याच अपेक्षा आहेत.

प्रश्न : मी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. हे काम भारतात करता येते का? — एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : काही प्रमाणात येते, आणि आपल्या शहरातही येते. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्रासह उभारलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे आणि त्याच्या जोडीला अतिवाहक रेषीय त्वरकही आहे. मात्र या त्वरकांची ऊर्जा केंद्रकांचे तुकडे उडवण्याइतकी नाही. येथे दोन केंद्रके एकमेकांत मिसळून नवे केंद्रक बनवले जाते. जड स्थिर केंद्रकांत प्रोटॉनांच्या तुलनेत न्यूट्रॉन जास्त असतात, हलक्यांत साधारण सारखे. त्यामुळे दोन हलकी केंद्रके मिसळून जड केंद्रक तयार केले, की त्याला न्यूट्रॉन कमीच पडतात. म्हणून आपल्याकडे स्थिरतेच्या न्यूट्रॉन-तुटीच्या बाजूचा अभ्यास चांगला होतो. लिथियम-११ सारख्यांसाठी बाहेर जावे लागते.

या कामाचा कणा म्हणजे गॅमा किरण मोजणारी, 'इंगा' नावाची संसूचक-मांडणी. तिच्यातले जर्मेनियमचे स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावे लागतात आणि ही मांडणी मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने वापरली जाते. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रात किरणोत्सर्गी शलाका तयार करण्याचे काम चालते. फेअरच्या करारावर ऑक्टोबर २०१० मध्ये ज्या नऊ देशांनी सह्या केल्या, त्यांत भारत आहे, त्यामुळे तेथील प्रयोगांत भारतीय गटांना स्थान आहे. आपण संशोधनाचा विचार करत असाल, तर सुरुवातीला कुलाब्यात एखाद्या प्रयोगाच्या पाळीत बसावे, संसूचकांची ऊर्जा-अंशमापने स्वतः करावीत आणि मगच बाहेरच्या केंद्रांकडे अर्ज करावेत. डार्मश्टाट किंवा वाको येथेही पहिल्या वर्षी नव्या माणसाच्या हाती बहुधा हेच काम येते.