लिस्बनला चार दिवस आईवडिलांना घेऊन जातोय. काय बघावं, काय खावं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात जाताय, वडील मासेखाऊ आहेत, आईंना अंडं चालतं पण मासे-मटण नाही, आणि पॅरिस-रोम सोडून लिस्बन निवडलं म्हणजे काही चुकलं का, अशी शंका आहे.

नाही चुकलं. फक्त यादी घेऊन फिरू नका. गाव सात टेकड्यांवर वसलंय, नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात जिना निघतो. दिवसाला एकच भाग धरा आणि दुपारचं जेवण नीट बसून जेवा. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या मालवणच्या, तेव्हा वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. हे सगळं त्या गुडघ्यांच्या हिशेबानेच वाचा.

आधी चपलांचं. तिथले फुटपाथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत, नक्षी सुंदर, पण वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. थोडा पाऊस शिंतडला की उतारावर घसरगुंडी. रबरी तळाचे बूट घ्या. सासूबाई पहिल्या दिवशी हट्टाने चपला घालून निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बूट बांधून दारात उभ्या राहिल्या.

सगळे 28 नंबरच्या पिवळ्या ट्रामबद्दल सांगतील. मार्तिम मोनिझला सकाळी लवकर पकडली तर बसायला मिळतं, दहानंतर मात्र विरार लोकल. खिसेकापूही तेवढेच तत्पर. तशीच जुनी 12 नंबरची ट्राम आल्फामा या जुन्या वस्तीतून जाते, ती पुरते. सांता लुझियाला उतरा, निळ्या टाइल्सच्या भिंतीशी बसा, खाली तेजो नदी आणि लाल कौलं. आईंना इथे तासभर बसवलंत तरी त्या तक्रार करणार नाहीत.

एक अख्खा दिवस बेलें या नदीकाठच्या भागाला द्या. जेरोनिमुश मठाचं बांधकाम 1501 साली सुरू झालं आणि बराचसा पैसा पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून आला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची मिरी. चर्चमध्ये शिरल्याशिरल्या वास्को द गामाची कबर आहे, दगडी माणूस हात जोडून आडवा. हा 1524 साली कोचीत वारला, आधी तिथेच पुरला होता. सासूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून आला होता होय." बस, एवढंच. मठ सोमवारी बंद असतो, दिवस ठरवताना लक्षात ठेवा.

तिथून नदीकाठाने बेलेंच्या बुरुजापर्यंत चाला. आत गेला नाहीत तरी चालेल, मात्र बाहेरून एक गोष्ट शोधा. टेहळणीच्या एका घुमटीच्या खाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, आता झिजून गेलंय, त्यामुळे आधी फोटो बघून ठेवा. त्याची गोष्ट अशी: भारतातला पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकर्क याला (हापूसला याच्याच नावावरून नाव पडलं म्हणतात) दीवला किल्ला हवा होता. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा किल्ल्याला नाही म्हणाला आणि भेट म्हणून गेंडा दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून राजाला पाठवून दिला आणि मे 1515 मध्ये गेंडा लिस्बनला उतरला. राजाने पुढे तो पोपला धाडला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. बिचारा.

आता खाणं. मठापासून चार पावलांवर 1837 पासून चालू असलेलं पास्तेइश द बेलेंचं दुकान आहे. बाहेरची रांग बघून घाबरू नका, ती बरीचशी पार्सलची असते. आत दालनामागून दालनं आहेत, बसायला जागा मिळते. पास्तेल म्हणजे पापुद्र्याची वाटी आणि आत अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड, वर काळे करपलेले डाग. ते डाग हवेतच. गरम असताना वरून दालचिनी भुरभुरायची आणि दोन घासांत संपवायचा. पहिल्या घासाला पापुद्रा चिरोट्यासारखा मोडतो आणि निम्मा अंगावर सांडतो. गावात इतरत्र हाच प्रकार पास्तेल द नाता या नावाने मिळतो आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणचा मला तितकाच आवडला. आईंना अंडं चालतं म्हणून बरं, नाहीतर इथली निम्मी गोड दुकानं बादच.

वडिलांसाठी बाकाल्याव. हा खारवून सुकवलेला कॉड मासा. गंमत म्हणजे तो पोर्तुगालच्या समुद्रातला नाहीच, नॉर्वे-आइसलँडकडून येतो. किराणा दुकानात त्याच्या फळकुटासारख्या चवडी रचलेल्या असतात. वास आल्याबरोबर सासूबाई थबकल्या, "अगो, ह्यो तर खारोच!" आदल्या दिवशीपासून पाणी बदलत भिजवतात, मग रांधतात. सुरुवात 'आ ब्राश' प्रकाराने करा: माशाचे तुकडे, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे, वरून अंडं मोडून घातलेलं. खारं खाणाऱ्या घरातल्या माणसाला पहिल्या घासात पटतं. जूनमध्ये सांतु आंतोनियुच्या सणाला आल्फामाच्या गल्ल्यांत कोळशावर तारली भाजतात. तुमची तारीख मेअखेरीची असेल तर ताजी तारली मिळते का, विचारून बघा.

आईंचं जरा जपून. काल्दु व्हेर्द हे बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं सूप छान असतं, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. "सें कार्न, सें पेइश" (मांस नको, मासा नको) हे पाठच करा. भाज्यांचं सूप, ऑम्लेट, चीज आणि पाव कुठेही मिळतं. अगदीच वरणभाताची आठवण आली तर लुमियारला राधाकृष्णाचं मंदिर आहे. तिथल्या हिंदू समाजात मोझांबिकहून आलेले गुजराती बरेच. तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं, जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

एक फटका आम्ही खाल्लाय, तुम्ही खाऊ नका. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. आम्हाला वाटलं पाहुणचार. बिलात प्रत्येक वाटीचे पैसे लागले. याला कुव्हेर्त म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही.

बाजारात मात्र आईंना जरूर न्या. पाट्या वाचायला लागलात की मजा येते: बटाट्याला बटाटाच, अननसाला अननाश, कोबीला कोव्ह, साबणाला साबाऊं, बादलीला बाल्द. पाव तर आपण तिथूनच आणलेला. परतफेडही झाली आहे, कॅफेच्या काचेच्या कपाटात सामोसा असतो, त्याचं नाव 'शामूसा'. तो गोव्यामार्गे गेला. आत बहुतेकदा मांस असतं, तेवढं विचारा.

कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च बघा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात कोसळलं ते तसंच ठेवलंय, कमानींमधून आभाळ दिसतं. समोरच्याच चौकात 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही सरकार शरण आलं आणि त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टच्या रांगेत उभं राहू नका, कार्मोच्या मागच्या बाजूने तिच्या वरच्या टोकाला चालत पोचता येतं.

सिंत्रा, ते लिस्बनजवळचं डोंगरावरचं राजवाड्यांचं गाव? तरुण असाल तर जा. आईवडिलांना घेऊन पेना राजवाड्याचा चढ आणि गर्दी मी टाळीन. त्याऐवजी संध्याकाळी काइश दु सोद्रेहून काशिल्यासची फेरीबोट पकडा, दहा मिनिटांची. मेमध्ये ऊन साडेआठपर्यंत रेंगाळतं. पलीकडच्या धक्क्यावर उतरून मागे वळून बघितलं की सगळं लिस्बन एका ओळीत उभं दिसतं. सासूबाईंनी तिथे पिशवीतून उरलेला शेवटचा पास्तेल काढला, तीन तुकडे केले आणि थंड झाला म्हणून कुरकुरतच खाल्ला.