आधी पट्टी ठेवा, मग प्रिंटरला हात लावा

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या एका दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन आहे. महिन्यापूर्वी जुना लेझर प्रिंटर बंद पडला, नवा आणला. तेव्हापासून आमचे सर त्यांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीने ठोके मोजतात ते जास्त येतात आणि मशीन कोपऱ्यात आकडा छापतं तो कमी असतो. चौकोनांच्या काही रेघा जाड, काही मधूनच गायब. सॉफ्टवेअरवाले प्रिंटरकडे बोट दाखवतात, प्रिंटरवाले सॉफ्टवेअरकडे. मी कोणाला धरू?

उत्तर : आधी कोणालाच धरू नका. तीस सेंटिमीटरची साधी फूटपट्टी घ्या आणि सगळ्यात खालची लांब ऱ्हिदम स्ट्रिप या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. ईसीजीचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, म्हणजे दहा सेकंदांची स्ट्रिप २५० मिलिमीटर भरली पाहिजे. तुमची २३५च्या आसपास भरेल असा माझा अंदाज आहे. एकच चौकोन मोजत बसू नका. पाच मिलिमीटरचा मोठा चौकोन ४.७ झालेला डोळ्यांना कळत नाही, पण पूर्ण लांबीवर दीड सेंटिमीटरची चोरी लगेच उघडी पडते.

२३५ का म्हटलं ते सांगते. आपण वापरतो तो ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. अमेरिकेत चालणारा लेटर कागद २१६ बाय २७९चा. नव्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कागद ‘लेटर’ असा राहून गेला असेल आणि प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’वर टिचकी असेल, तर आडवं २९७चं पान २७९मध्ये कोंबलं जातं. म्हणजे सगळं ९४ टक्के होतं. ट्रेमध्ये कागद ए-फोरच असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. एका कडेला बोटभर जास्तीची कोरी जागा दिसते का बघा. ती दिसली तर हाच दोष.

आता हे किती महत्त्वाचं आहे ते बघा. ७५ ठोक्यांच्या माणसात दोन ठोक्यांमधलं अंतर २० मिलिमीटर असतं. ते १८.८ झालं की सरांची पट्टी ८० दाखवते. याने फार बिघडत नाही असं वाटेल. पण क्यूटी अंतर, म्हणजे ईसीजीतल्या क्यू लहरीच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंतचा वेळ, ४७० मिलिसेकंद असलेल्या रुग्णाचं तेच अंतर पट्टीवर ४४२ भरतं. औषध द्यायचं की थांबवायचं याचा विचार या आकड्यांच्या भोवतीच चालतो. चौकोन मोजणाऱ्याला फरक पडत नाही, कारण चौकोनही तेवढेच आकसलेले असतात. फसतो तो पट्टी किंवा कॅलिपर लावणारा, म्हणजे जास्त काळजीने बघणारा डॉक्टर. वीसएक वर्षांपूर्वी मी बसवून दिलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक होती. तिथल्या डॉक्टरांनी मला शेजारी बसवून, कागदावर पट्टी धरून ती दाखवली. मी तिथल्या तिथे सेटिंग बदललं आणि त्या आठवड्यातले सगळे ईसीजी पुन्हा छापून दिले. तेव्हापासून मी कुठल्याही दवाखान्यात पट्टीशिवाय गेले नाही.

कागदाचं माप तीन ठिकाणी ए-फोर करायचं : रिपोर्टच्या साच्यात, प्रिंटच्या खिडकीत आणि प्रिंटरच्या स्वतःच्या ट्रे सेटिंगमध्ये. त्यातलं एक जरी लेटर राहिलं तरी घोळ परत येतो. मग ‘फिट’ काढून ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के ठेवा. आडव्या ए-फोरवर २५० मिलिमीटरची स्ट्रिप बसून दोन्ही बाजूंना मिळून ४७ मिलिमीटर उरतात, म्हणजे आकसण्याची गरजच नाही. शेवटी स्ट्रिपच्या सुरुवातीची कॅलिब्रेशनची खूण मोजा. नेहमीच्या सेटिंगला एक मिलिव्होल्टसाठी ती दहा मिलिमीटर उंच हवी. रुंदी बरोबर आणि उंची चुकलेली, असंही मी पाहिलेलं आहे. तेव्हा चित्र एकाच दिशेने ताणलेलं असतं आणि चौकोनांचे आयत झालेले असतात.

विंडोजमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे बंद करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होतो. काउंटरवर कोणी लेबल छापलं, की पुढच्या रिपोर्टची मांडणी लेबल प्रिंटरच्या मापाने होऊ शकते, कारण कितीतरी रिपोर्टची सॉफ्टवेअरं पानाचं माप मुख्य प्रिंटरकडून घेतात. ‘काल बरोबर होतं, आज बिघडलं, मी कशाला हात लावला नाही’ असं सांगणारी माणसं खरंच बोलत असतात.

गायब रेघांचा प्रश्न वेगळा आहे. रिपोर्टची पीडीएफ करा आणि स्क्रीनवर ८०० टक्के मोठी करून बघा. रेघ धारदार राहिली तर आलेख रेघांच्या रूपात गेलेला आहे, तेव्हा प्रिंटरकडे वळा. पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर सॉफ्टवेअर स्क्रीनचा फोटो काढून चिकटवतंय. स्क्रीनच्या नेहमीच्या ९६ डीपीआयला (म्हणजे इंचाला ९६ ठिपके) २५० मिलिमीटरमध्ये जेमतेम ९४५ ठिपके मावतात. सेकंदाला ५०० नमुने, म्हणजे ५०० मोजमापं, घेणारं मशीन दहा सेकंदांत ५,००० नमुने देतं. पाचांतले चार कुठे गेले, हे सॉफ्टवेअरवाल्यांना जरूर विचारा. पेसमेकरचा बारीक टोकदार ठोका अशाच जागी हरवू शकतो. त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या आणि तोवर मशीनच्या स्वतःच्या थर्मल (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) कागदावरची प्रत फाइलला जोडत चला.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या खातेउताऱ्यात प्रत्येक पानानंतर एक कोरं पान निघतं. रोज रीमच्या रीम वाया जातात.

उत्तर : बेरीज चुकली आहे. साच्यातल्या मजकुराची रुंदी, अधिक डावा समास, अधिक उजवा समास, ही बेरीज २१ सेंटिमीटरच्या आत हवी. मजकूर १८.५ आणि दोन्ही समास दीड-दीड असले तर होतात साडेएकवीस. उरलेला अर्धा सेंटिमीटर पुढच्या पानावर जातो आणि त्यात काही नसल्यामुळे ते पान कोरं दिसतं. बहुतेक वेळा कोणीतरी एखादा रकाना उजवीकडे ओढलेला असतो. रकाना मागे घेतला तरी साच्याची कड पसरलेलीच राहते. तीही आत ओढा.

प्रश्न : माझं औषधांचं दुकान आहे. बिलावर यूपीआयचा क्यूआर छापतो. अर्ध्या गिऱ्हाइकांचे फोन तो वाचत नाहीत. काउंटरवरचा स्टँडचा क्यूआर मात्र लगेच वाचला जातो.

उत्तर : बिलाचा थर्मल प्रिंटर साधारणपणे एका मिलिमीटरला आठ ठिपके छापतो आणि ठिपका एक तर काळा, नाही तर कोरा. मधली राखाडी छटा त्याच्याकडे नाही. क्यूआर हे चित्र म्हणून पाठवून बिलाच्या रुंदीला बसवायला लहान केलं, की क्यूआरमधलं एक घर, म्हणजे एक बारीक चौकोन, पाच ठिपक्यांचं, शेजारचं सहाचं असं होतं. जेपीजी असेल तर कडांना आलेली राखाडी घाण काळे ठिपके होऊन पसरते. तुमच्या क्यूआरमध्ये आडवी ४१ घरं असतील असं धरू. दोन्ही बाजूंना चार-चार घरांची कोरी जागा लागतेच, म्हणजे ४९. प्रत्येक घराला पूर्ण पाच ठिपके दिले तर २४५ ठिपके, साधारण ३१ मिलिमीटर. ५८ मिलिमीटरच्या रोलवर छपाईला ४८ मिळतात, त्यात हे आरामात बसतं. त्याहून बरं म्हणजे, तुमच्या बिलिंगवाल्याला सांगा की चित्र पाठवूच नकोस. बऱ्याच थर्मल प्रिंटरांना मजकूर दिला की क्यूआर ते स्वतः काढतात आणि मग घरं एकसारखीच येतात. भोवतीची कोरी चौकट वाचवायला म्हणून कापू नका. फोनला क्यूआर कुठे सुरू होतो हे कळायला ती लागते.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याजवळच्या शाळेत चौथीची वर्गशिक्षिका आहे. यंदा प्रगतिपुस्तकं सॉफ्टवेअरमधून काढली. काही मुलांचे फोटो आडवे पडलेत, काहींचे चेहरे पसरट झालेत. नावांतल्या वेलांट्या भलत्या अक्षरापुढे जातात, रफार उतरून ‘र’चा पाय मोडतो. दोन मुलांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. निकाल चार दिवसांवर आलाय.

उत्तर : चार दिवस पुरतील. मात्र क्रम मी सांगते तसाच ठेवा, कारण या तक्रारी दिसायला एकसारख्या असल्या तरी त्यांची कारणं निरनिराळी आहेत.

प्रश्नचिन्हं आधी. तिथे छपाईचा दोष नाही, नाव साठवतानाच गेलेलं आहे. माहितीच्या त्या रकान्यात मराठी अक्षरं ठेवायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी ‘?’ बसला. प्रिंटर, फॉन्ट, काहीही बदललं तरी ते नाव परत येणार नाही. सॉफ्टवेअरवाल्याकडून तो रकाना युनिकोडचा (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीचा) करून घ्या आणि मग नावं पुन्हा टाइप करा. रकाना न बदलता टाइप केलीत तर सेव्ह केल्यावर पुन्हा प्रश्नचिन्हंच येतील.

वेलांट्या आणि रफार मात्र सुरक्षित आहेत, फक्त छापताना त्यांची जागा चुकते. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. ती क-च्या अलीकडे नेऊन बसवणं हे पान तयार करणाऱ्याचं काम. साध्या पीडीएफ बनवणाऱ्या घटकांना ही जुळणी येत नाही, ते साठवलं त्याच क्रमाने अक्षरं मांडून मोकळे होतात. तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल तर त्याचं ‘पीडीएफ’ बटण सोडून द्या. प्रगतिपुस्तक पानावर उघडा, कंट्रोल आणि पी दाबा आणि ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा. ब्राउझरला देवनागरी जुळवता येते. दहापैकी आठ शाळांचं काम एवढ्यावर भागलेलं मी पाहिलं आहे. नावांच्या जागी चौकोनी डबे दिसले तर तो तिसरा दोष, फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसल्याचा. मंगल किंवा दुसरा युनिकोड फॉन्ट लावा.

आडवे फोटो पालकांच्या मोबाइलचे असणार. फोन फोटो साठवतो तसाच, आणि ‘दाखवताना एवढा फिरव’ अशी एक खूण फाइलमध्ये लिहून ठेवतो. गॅलरी ती खूण पाळते, जुनं सॉफ्टवेअर पाळत नाही. म्हणून तुमच्या स्क्रीनवर उभा दिसणारा फोटो कागदावर आडवा पडतो. फोटो उघडून हव्या त्या चौकटीत कापा आणि नव्या नावाने सेव्ह करा. आता फोटोच उभा होतो.

कापताना प्रमाण ३५ बाय ४५ ठेवा, ४१३ बाय ५३१ ठिपके मिळाले तर ३०० डीपीआयची स्वच्छ छपाई येते. चेहरे पसरट होतात कारण फोनच्या ९ बाय १६च्या उंच फोटोला साचा त्या चौकटीत ताणून बसवतो, आणि तोंड उंचीच्या मानाने सुमारे ३८ टक्के रुंद होतं. साच्यात चित्राला ‘स्ट्रेच’ किंवा ‘फिट’ लावलेलं असेल, त्याऐवजी प्रमाण राखणारा पर्याय निवडा. पालकांना सांगा, फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेतच त्याचा कस जातो.

सगळं झालं की पूर्ण वर्गाचे संच छापायच्या आधी नुसती नावांची यादी छापा, त्याच साच्यातून, त्याच प्रिंटरवर. नवव्या-दहाव्या वर्षी मूल आपलं छापील नाव बोट ठेवून वाचतं आणि त्यातली चूक आपल्याआधी त्याला दिसते. यादी वर्गात फिरवा आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावापुढे बरोबर की चूक, अशी खूण करू द्या.